रूथचा बसलेला घसा

राखेच्या बुधवाराला, म्हणजे लेंट सुरू व्हायला, चार दिवस होते. मी कॅलेंडरवर लेंटचे दिवस आखत बसले होते, तेवढ्यात सलोमीचा फोन आला. "मोठ्याई, मम्मी गेली..." पट्टी हातातच राहिली. मुलांनो, सलोमीची आई रूथ, म्हणजे माझी जाऊ, तुमची धाकटी आजी, जाऊन आता पाच आठवडे झाले. सगळे तिच्याबद्दल गोड लिहितील. मी खरं लिहिते. मला तिचा हेवा वाटायचा.

तुमच्या तिकडे लेंट कसा पाळतात ठाऊक नाही. आमच्या भालकीत ईस्टरआधी, रविवार सोडून, चाळीस दिवस आवडीचं काहीतरी सोडायचं, प्रार्थना वाढवायची, रोज रांधण्याआधी मूठभर तांदूळ गरिबांसाठी बाजूला काढायचे. मी बोर्डिंगात इंग्रजी शिकलेली, म्हणून 'लेंट' म्हणायचे. रूथ ठाणाकुशनूरची, ती शेजारच्या मुसलमान बायकांसारखं 'रोजे' म्हणायची. मी दुरुस्त करायचे. ती मान डोलवायची आणि पुन्हा रोजेच म्हणायची.

मी दरवर्षी चहा सोडायचे आणि सासूबाईंना दिसेल अशा जागी कॅलेंडरवर रोज एक फुली मारायचे. एकदा जेवताना रूथ म्हणाली, "अक्का, तुमचा च्या सुटला की साऱ्या घराचं तोंड कडू व्हतंय. रोजा तुमचा अन् उपास आमचा!" सगळे हसले, सासूबाईसुद्धा. मी चिडून विचारलं, "आणि तू काय सोडलंस?"

"सोडलंय की कायतरी," म्हणत तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

तिचा आवाज... चर्चमध्ये तिनं गीताची पहिली ओळ उचलली की दारात चपला काढणारी माणसं तशीच थांबायची. मला सूर कळतात, म्हणून मी जास्त जळायचे. पुढे गायची माझी पाळी फक्त लेंटमध्ये यायची, कारण राखेच्या बुधवारी रूथचा घसा बसायचा.

"कामून गं, यंदा बी?" चर्चच्या पाळकबाई विचारायच्या.

"व्हय बाई, धूळ लई उडायलीय. अक्काला म्हणू द्या की." आणि चर्चच्या खिडकीत ठेवलेल्या पितळी पेल्यातल्या मिठाच्या पाण्यानं ती गुळण्या करायची. सहा आठवडे मी पुढे उभी राहून गायचे. ईस्टरच्या पहाटे तिचा घसा मोकळा व्हायचा आणि मंडळी म्हणायची, "आता खरा सण!" ते वाक्य मी कधी विसरले नाही. पण घसा नेमका त्याच दिवशी कसा उघडतो, हे जन्मभर शाळेत शिकवूनही माझ्या लक्षात आलं नाही.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सलोमीला म्हटलं, "बिचारीचा घसा फार नाजूक होता."

सलोमी म्हणाली, "मोठ्याई, मम्मीचा घसा कधी बसलाच न्हाई. रोज्यात ती गाणं सोडायची. घरीसुद्धा गुणगुणायची न्हाई..."

म्हणजे ती माझी पाळी नव्हती. तिचा उपास होता. माझ्या फुल्या साऱ्या घरानं पाहिल्या आणि तिनं स्वतःचं मला कळूही दिलं नाही. देव क्षमा करो, पण मला आधी रडू नाही आलं, राग आला. इथंही हीच पुढे!

गेल्या रविवारी पाळकबाईंनी मला पुढे बोलावलं. मी म्हटलं, "यंदा माझा घसा बसलाय." त्यांची नवी सून उठली. बेसूर आहे पोरगी. पहिलं कडवं संपेपर्यंत मी पदराचं टोक पिळत होते. मग आठवलं, माझे वरचे सूरही कधी लागायचे नाहीत, आणि रूथ पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकायची, हसऱ्या तोंडानं.

पेला अजून खिडकीत आहे. मी त्यात पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि सगळ्यांदेखत गुळणी केली. खोटं बोलायचं तर तिच्यासारखं नीट बोलावं.