फुगडीच्या मधली जागा

एक गोष्ट पोटात ठेवून मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहते आहे. घरात कुणाला ठाऊक नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला सांगते — पण आधी त्या धड्याची गंमत सांगू द्या. कारण ती आठवली की मला आजही राहवत नाही!

गोव्यात पेडण्यातल्या एका शाळेत मी सातवीला गणित शिकवते. आकृती फिरवायची असते. पुठ्ठ्याचा त्रिकोण घ्यायचा, कोपऱ्यात टाचणी टोचायची, फिरवायचा — इथवर मुलं खूश. पण ज्या बिंदूभोवती फिरवायचं तो आकृतीच्या बाहेर ठेवला, की वर्ग अडलाच. टाचणी हवेत कशी टोचणार? मुलं त्रिकोण उचलून नुसता बाजूला सरकवायची, वळवायचीच नाहीत. मी फळा भरला, घसा बसवून घेतला. एकालाही कळेना.

आणि मयुरी बोलली. शेवटच्या बाकावरची. तिच्या आईला मी थोड्याच दिवसांपूर्वी बोलावून घेतलं होतं — मिरचीच्या मळ्यात राबणारी बाई, हळर्णहून चालत आलेली — आणि सांगितलं होतं की गणित हिच्या डोक्यात शिरायचं नाही. मयुरी तेव्हा शेजारीच उभी होती. हो, तिच्यासमोरच.

ती म्हणाली, "टीचर, फुगडी घालताना मदीं कोण आसता? कोणूच ना. तरी आमी त्याच जाग्याभोंवतीं घुंवतांव न्ही?"

दिसतंय ना तुम्हाला? चतुर्थीत आमच्याकडे घरोघर फुगड्या रंगतात. दोघी हात धरून गरगरतात आणि मधल्या जागेवर पाय कुणाचाच नसतो! तोंड मात्र सतत समोरचीकडे. म्हणजे जागा बदलते, आकृती वळतेही, आणि अंतर तेवढंच! अर्धा फेरा घातला की दोघी एकमेकींच्या जागी! मी वर्गच्या वर्ग अंगणात पळवला. मुलींच्या डोक्यावर पुठ्ठ्याचे त्रिकोण बांधले, मध्ये खडूचा ठिपका काढला, बाकीच्यांना वरच्या गॅलरीत उभं केलं. "पाव फेरा — थांबा!" मी ओरडले, आणि वरून पोरं किंचाळली, "वळला! त्रिकोण वळला!" मग मुलगेही फुगडी घालायला उतरले. शेजारच्या वर्गातले सर तणतणत बाहेर आले आणि तेही बघत राहिले. इतका आनंद मला शिकवताना कधीच झाला नव्हता.

त्या आनंदातच मी — थांबा, नीट सांगते.

मग तालुक्यातल्या शिक्षकांचा मेळावा भरला. मी मयुरीला आणि तिच्या मैत्रिणीला घेऊन गेले. हॉलच्या मधोमध फुगडी सुरू झाली. शिक्षक खुर्च्यांवर चढून वरून बघत होते, टाळ्या थांबेनात. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि कुणीतरी विचारलं, "टीचर, हे सुचलं कसं?"

मी म्हणाले, "चतुर्थीला आमच्या अंगणात मुली फुगडी घालत होत्या. बघता बघता सुचलं मला."

काय गरज होती? अंगणाची, चतुर्थीची सजावट कशाला केली मी? जीभ अडखळली का? जराही नाही. हसत हसत सांगितलं. मयुरी माझ्या बाजूलाच होती, डोक्यावर त्रिकोण, अजून धापा टाकत. एका पाहुण्यांनी वाकून तिला विचारलं, "तुला कसं कळलं हे?"

"टीचरान शिकयलें," ती म्हणाली.

मला सांभाळून घेतलं तिने? की माझं ऐकून तिलाही तेच खरं वाटलं? मी कधी विचारलं नाही.

तरीही वेळ गेली नव्हती. तिची आई आली होती, अर्ध्या दिवसाचं काम टाकून, मागे दाराशी उभी. कार्यक्रम संपल्यावर ती पुढे आली. हात जोडले तिने — मला!

"टीचर, हिच्या माथ्यांत वचना तरी तुमी इतलें शिकयलें. देव बरें करूं तुमचें." डोक्यात शिरत नाही तरी शिकवलंत, म्हणत होती ती — माझेच शब्द.

एक वाक्य पुरलं असतं. ही कल्पना तुमच्या मुलीची, एवढंच. ते अगदी ओठांवर होतं. आणि मी काय म्हणाले? "अजून मेहनत घ्यायला हवी तिने."

आई मयुरीकडे वळली. "आयकलें मगे, टीचर किदें म्हणटा तें?"

मयुरीने मान डोलावली. त्यानंतर माझ्या वर्गात तिने कधी हात वर केला नाही.

तो धडा मी यंदाही फुगडी घालूनच शिकवला. मुलं किंचाळली, वर्ग खूश झाला, मीही झाले. एका मुलाने विचारलं, हे कोणी शोधून काढलं. मी हसले आणि पुढचा फेरा घ्यायला सांगितला.