माशांचं झाकण

माझ्या मावसभावाने झाकणाचा जेवढा विचार केला, तेवढा अख्ख्या सुरतेत कोणी केला नसेल. लिंबायतमध्ये एका खोलीत तो आणि वहिनी, दोघंच राहायचे, मूलबाळ नव्हतं. पावरलूमच्या खटखटाटात तीस वर्षं काढून त्याला कमी ऐकू येऊ लागलं, तेव्हा ज्यांच्याशी बोलावं लागत नाही असे मासे त्याने पाळले. काचेची पेटी आली त्याच दिवशी एका गुरामी माशाने उडी मारली, ती थेट वहिनीच्या कणकेच्या परातीत. तेव्हापासून भाऊ झाकणामागे लागला. आधी प्लायवूड आणलं, ते वाफेने फुगलं. मग अ‍ॅक्रिलिक, ते दिव्याच्या उष्णतेने मधोमध वाकलं. मग मच्छरजाळी, तिच्यावर पालीने संसार थाटला. शेवटी पर्वत पाटिया भागातल्या एका काचवाल्याला त्याने गाठलं. हवा खेळायला फट हवी, पण मासा निसटायला नको, हे तो त्याला मुलीचं लग्न ठरवत असल्यासारखं समजावत होता. "फट कितनी रखूँ?" काचवाल्याने करंगळी दाखवत विचारलं. भाऊ चिडला. "अपनी उंगली मत देख, मछली देख!"

झाकण झालं, आणि मग त्याची सेवा सुरू झाली. दर रविवारी लिंबू चोळून क्षारांचे पांढरे डाग काढायचे, कडा कोरड्या करायच्या, वायरसाठी कापलेला कोपरा दाताच्या ब्रशने घासायचा. तोवर पाहुण्यांना चहा नाही. सख्ख्या पुतण्याच्या साखरपुड्यातून तो मध्येच उठून घरी आला होता, झाकण तिरकं राहिल्याच्या शंकेने. आम्ही नातेवाईक हे किस्से एकमेकांना रंगवून सांगायचो.

वहिनीला मात्र कित्येक वर्षं एकच गोष्ट हवी होती, मोरीला दार. खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीला जुन्या साडीचा पडदा होता. घरात पाहुणे असले की ती अंघोळच टाळायची. भाऊ म्हणायचा, "पुढच्या महिन्यात." झाकणाला लाकडी चौकट करायला सुतार आला, त्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मोरीले दार नही, अन मासासले झाकन!"

भावाला ते ऐकू आलं नाही, किंवा त्याने येऊ दिलं नाही. मी मात्र मोठ्याने हसलो. मला वाटलं, वहिनीने काय टोला हाणला! तिने माझ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

राखीला म्हणून ती नंदुरबारला भावाकडे गेली ती परत आलीच नाही. आमच्या भावाने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो माशांबद्दलच बोलला. तिसऱ्यांदा तिने फोन उचलला नाही. मग त्याने मोरीला दार बसवलं, आतून कडी असलेलं. मला आत उभं करून बाहेरून फटीतून काही दिसतं का, हे त्याने तीन-तीनदा तपासलं. मी आत अंधारात उभा होतो, आणि मला मुळीच हसू आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी नंदुरबारला गेलो, तेव्हा वहिनीला भेटलो. दार बसवल्याचं सांगितलं. "आते कोनाकरता?" एवढंच म्हणून ती चहा ठेवायला उठली. मी निघालो, चपला घातल्या, तेव्हा मागून तिचा आवाज आला, "येळवर जेवस ना तो?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं. आणि तिने विचारल्याचं मी भावाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो पहिली गाडी धरून नंदुरबारला जाईल. तिने तर फक्त विचारलं होतं, बोलावलं नव्हतं.