रिकामा डबा

डब्याच्या झाकणातल्या रबराचा वास घेऊन तो डबा काल कोणाकडे मुक्कामाला होता हे सांगणारा मनुष्य अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि ते माझे आतोबा. आत्या गेल्यापासून दोन वर्षे ते कोपऱ्यावरच्या खानावळीतून जेवण आणतात. तिथल्या वहिनी पूर्वी प्लास्टिकच्या डब्यांतून जेवण देत. ते डबे घरामागच्या पऱ्यात, म्हणजे ओहोळात, वाहत येत आणि आतोबा लुंगी खोचून, प्रत्येकाला शिवी देत, ते काठीने बाहेर ओढत. शेवटी त्यांनी वहिनींच्या मागे भुणभुण लावून लावून स्टीलचे डबे आणायला लावले. जेवण न्यायचे, दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत द्यायचा. आतोबांचे धुणे म्हणजे सोहळाच. आधी राख, मग साबण, मग कढत पाणी, मग अंगणात पालथा घालून ऊन. रबर काढून वेगळे घासायचे. मी एकदा रबर न काढता डबा विसळला तर म्हणाले, "चपला घालून पाय धुतोस काय रे?"

पण एवढा लखलखीत केलेला डबा ते रिकामा परत देत नसत. शेजाऱ्याचे भांडे रिकामे पाठवायचे नाही, ही आमच्याकडची रीत. कधी त्यात कैरीच्या फोडी, कधी चार काजूगर, कधी आमसुले. वहिनींना तो डबा पुन्हा घासावा लागे, पण त्या हसून घेत. बघता बघता बाकीची गिऱ्हाइकेही शिकली. मग एका भल्या माणसाने डब्यातून सुकी सुंगटे, म्हणजे वाळवलेली कोलंबी, पाठवली. डबा घासला गेला, रबर मात्र राहिले, आणि संकष्टीच्या दिवशी त्याच डब्यातून एका सोवळ्या आजींकडे साबुदाण्याची खिचडी गेली! आजींनी खानावळीत येऊन जो उद्धार केला, तो समोरच्या रिक्षास्टँडपर्यंत ऐकू गेला.

"काका, आता पुरे झालं," वहिनी आतोबांना म्हणाल्या. "सोमवारपासून परत प्लास्टिक. डबे रिकामे येणार असतील तरच हे चालवीन."

आतोबांचा चेहरा उतरला. पऱ्यात पुन्हा प्लास्टिक, आणि तेही आपल्यामुळे! दोन दिवस ते गिऱ्हाइकांच्या दारोदार हिंडले. "रिकामा द्या हो, रबर काढून घासा," असे प्रत्येकाला विनवत सुटले. माणसे ऐकती झाली. सोमवारी मी त्यांच्याबरोबर खानावळीत गेलो. सगळ्यांचे रिकामे डबे आले होते. आतोबा मात्र आपला डबा छातीशी धरून नुसते उभे.

"द्या ना काका."

"देतो गो. आमच्या हिने उभ्या जन्मात कोणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही. हात पुढे होत नाही बघ."

वहिनींनी डबा हळूच काढून घेतला आणि ओंजळ पुढे केली. "डब्यात नको. इथे घाला काय ते."

आतोबांनी घाईघाईने खिसे चाचपले. एक सुपारी निघाली, ती त्यांनी वहिनींच्या हातावर ठेवली.

मला फार वाईट वाटले. आत्या होती तोवर त्या घरातून रोज कोणाकडे तरी काही ना काही जायचे. ती गेली आणि शेजारची भांडी यायची थांबली. आतोबांना काही द्यायला एवढा एकच दरवाजा उरला आहे, हे मला तोवर सुचलेसुद्धा नव्हते.