पांढऱ्या पट्ट्याचे टायर

कोंडाजी माझा सख्खा चुलतभाऊ. लोधिवलीत आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला बसलो तरी आधी राग वर येतो, म्हणून तेवढं सांगून मोकळा होतो.

कित्येक वर्षं तो दुसऱ्याच्या लॉरीवर खडी वाहायचा. धूळ खाऊन घरी यायचं आणि गावाकडून 'खडीवाला' म्हणवून घ्यायचं. लग्नाचं आमंत्रण असायचं, पण जेवायला पान मिळायचं ते शेवटच्या पंगतीत, ताक संपल्यावर. हे त्याच्या फार जिव्हारी लागलेलं. अडुसष्ट साली त्यानं स्वतःचा जुना पिकअप घेतला. चारही टायर पार झिजलेले होते, तेव्हा नवे घ्यायला तो, त्याची बायको अंबाबाई आणि मी खोपोलीला गेलो.

दुकानदारानं दोन तऱ्हा पुढं मांडल्या. एक काळे, बाजूनं चांगले जाड; खडी भरा, रानात घाला, कुरकुरणार नाहीत. दुसऱ्यांच्या बाजूवर पांढराशुभ्र गोल पट्टा, साहेबलोकांच्या मोटारीला असायचा तसा. देखणे होते, पण नाजूक. दगडाला घासले की पट्टा सोलवटणार, हे दुकानदारानंच सांगितलं. "पण लग्नाच्या गाडीला हेच शोभतात," असंही म्हणाला.

"काळं घ्या," अंबाबाई म्हणाली. "आपल्या घराची वाट सगळी दगडाची हाय. गाडी दारात नको याया?"

"तुला चाकातलं काय कळतंय गं?" म्हणत कोंडाजीनं पांढऱ्यांवर हात ठेवला.

गाडी नटली. चौक गाव, खालापूर, पार कर्जतपर्यंत नवरा-नवरी कोंडाजीच्या गाडीतून जाऊ लागली. आता त्याला पहिल्या पंगतीत बोलावून बसवायचे, वर आग्रह करून वाढायचे. गडी खुशीत होता, खोटं कशाला बोलू! पण वऱ्हाडाच्या गाडीला सोवळं असतं. तिच्यात एकदा मढं निजवलं की पुन्हा कुणी नवरी बसवत नाही. म्हणून कोंडाजी आजाऱ्यालाही घेईना. वाटेत मेला तर? शेजारच्या पोशाच्या बापाला धाप लागली, तेव्हा यानं सरळ हात जोडले. म्हाताऱ्याला बैलगाडीतून न्यावं लागलं. तो वाचला म्हणून गावानंही तोंड उघडलं नाही.

आणि गाडी कधीच दारात आली नाही. चाकं सोलवटतील म्हणून ती डांबरी सडकेवर चिंचेखाली उभी असायची. अंबाबाई रोज सकाळी हंडा आणि काथ्या घेऊन तिथवर जायची आणि पट्टे घासायची. बायका चिडवायच्या, "न्हाऊ घातलंस का गं सवतीला?" ती हसून म्हणायची, "घालते की. सवतच पोसते मला."

एका मे महिन्यात ती आणि माझी बायको गोदूबाई घरामागच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायची तयारी करत होत्या. सुकल्या पाल्याचा ढीग उचलायला अंबाबाई वाकली आणि तिच्या पायाला नाग डसला.

"जाऊबाय, हलू नका," गोदू म्हणाली. "भावजींना गाडी घेऊन हितंच बोलावते."

"नको गं. चाकं सोलतील. आज खालापूरचं लगीन हाय." अंबाबाईनं पदराची चिंधी फाडून पायाला बांधली आणि गोदूच्या खांद्यावर हात टाकून ती चालायला लागली. शेतातून घर, घरावरून ती दगडाची वाट, तिथून सडक. चिंचेखाली पोचली तेव्हा पापण्या मिटायला लागल्या होत्या आणि कोंडाजी गाडीला झेंडूच्या माळा बांधत होता.

"नाग डसलाय हिला! मागं निजवा, लवकर!" गोदू ओरडली.

"मागं नको," अंबाबाई म्हणाली. जीभ जड झाली होती. "फुढं बसते मी. गाडी बाटंल."

आणि कोंडाजीनं पुढचं दार उघडलं. इथं माझा राग आहे. तिनं म्हणायचं ते म्हटलं, बायका म्हणतातच. यानं ऐकायचं कशाला? माळा तशाच लोंबत होत्या, गोदूनं तिला कवेत धरून ताठ बसवलं होतं, आणि खोपोली यायच्या आत ती गोदूच्या अंगावर कलंडली.

डॉक्टरनं डोळे बघितले, नाडी बघितली. मग विचारलं, "चावल्यावर चालवलीत कशाला? होती तिथं आडवी करून गाडी तिथं न्यायची." गोदूनं रडत रडत काय झालं ते सांगितलं. कोंडाजी भिंतीला पाठ लावून ऐकत होता. मग त्यानं एकट्यानं तिला उचललं आणि गाडीत मागं निजवलं.

संध्याकाळी मी अंगणात होतो. गाडी सडकेवर थांबली नाही. दगडांवरून आपटत, टायर घासत, ती पहिल्यांदा आमच्या दारात आली.

तेराव्यानंतर चौकचा येसाजी आला. त्याच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं आणि गाडी त्याला हीच हवी होती. कोंडाजीजवळ बसून तो समजुतीनं बोलला, "हे बघ, जाताना वहिनी फुढंच बसल्या होत्या, समद्यांना ठाव हाय. येताना दवाखान्याच्या गाडीनं आणली, एवढं म्हण. मी गावाला सांगतो. तुझ्या गाडीला काय बी झालेलं नाय."

तो वाईट माणूस नव्हता. कोंडाजीचं पोट चालावं असंच त्याच्या मनात होतं. मलाही क्षणभर वाटलं, म्हण बाबा, म्हणून टाक.

"माझ्याच गाडीतनं आणली," कोंडाजी म्हणाला. "मागं निजवून आणली. जिती होती तवा निजवायला पायजे होती रं, येसाजी. तवा मी फुढचं दार उघडलं."