हर्णेच्या लिलावात दादा

सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथेच एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मी बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. बायकोच्या मते हे माझं पन्नाशीतलं खूळ. खरं कारण होते दादा, माझे वडील. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सटाण्याची कांद्याची शेती थोरल्या भावाकडे सोपवून ते आमच्याकडे आले आणि त्यांचं बोलणंच आटलं. जेवलात का? हं. झोप लागली का? हं. मला धास्तीच वाटायला लागली होती.

म्हणून आम्ही तिघं गाडी घेऊन समुद्रकाठानं निघालो. मुरुड झालं, श्रीवर्धन झालं. गावोगावी होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि खिडकीशी गप्प बसलेले दादा. समुद्र कसा वाटला विचारलं, तर म्हणाले, पाणी भरपूर आहे.

हर्णेला संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव चालतो. एका कोळीणबाईंचा सुरमईचा छोटा वाटा बायकोच्या मनात भरला. मी दादांना म्हटलं, तुमचा जन्म कांद्याच्या लिलावात गेला, आज बोली तुम्हीच लावा. त्यांनी लावली. दोन व्यापारी होते, ते तोंड फिरवून उभे राहिले. बोली आमच्यावर थांबली, माल आमचाच होणार होता.

पण दादा आयुष्यभर लिलावात विकणाऱ्याच्या बाजूला उभे राहिलेले. पडता भाव त्यांना बघवेना. त्यांनी एक सुरमई उचलून व्यापाऱ्यांच्या नाकासमोर धरली आणि बाईंना ठणकावून सांगितलं, "इतका ताजा माल शे, माय. इतक्यामा देऊ नको."

बोली त्यांचीच होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. व्यापारी हसले, पण इरेला पेटले. दादा एकेका माशाचं कौतुक करत गेले, भाव चढत गेला, सुरमई आमच्या हातून गेली. बायकोनं मला असा चिमटा काढला की बस. मला मात्र आनंदानं रडू येत होतं. दादा इतकं बोलल्याला वर्ष झालं होतं.

बाईंनी हसत ओंजळभर कोलंबी आमच्या पिशवीत टाकली. रात्री तीच खाल्ली. जेवताना दादांनी विचारलं, उद्या कुठे? मी म्हटलं, गुहागर.

"तुम्ही जा," दादा म्हणाले. "उद्या त्या कोळीणबाईची मोठी होडी येणार शे. मी थांबतो."