दर सोमवारची यादी आणि माझा थायरॉइड

नांदेडच्या डॉक्टरबाईंनी मला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला.

"बाई, हिचा हात असा काहून हालून राहिला?" आईने विचारलं.

डॉक्टरबाईंनी नाडी मोजली. मी नुसती बसलेली होते, तरी ठोके एकशे चोवीस. रक्ताचे रिपोर्ट पाहून त्या म्हणाल्या, "हा ग्रेव्हज डिसीज आहे." म्हणजे काय, तेही सांगितलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून तिला सतत डिवचते, आणि ती गरजेपेक्षा जास्त काम करत राहते.

मी टेनिस खेळते. कुणाला माझं नाव माहीत असायचं कारण नाही. शिरड शहापूर या आमच्या गावाहून अकराव्या वर्षी पुण्याच्या अकादमीत गेले, आणि सव्विसाव्या वर्षी जागतिक क्रमवारीत आठशेच्या पुढे कुठेतरी होते. छोट्या स्पर्धा, पात्रता फेऱ्या, स्लीपरचा प्रवास.

आजार कळण्याआधीचे चार महिने मी सर्व्हिससाठी चेंडू वर फेकायचे आणि तो भलतीकडेच जायचा. डबल फॉल्टवर डबल फॉल्ट, म्हणजे सर्व्हिसच्या दोन्ही संधी वाया. रॅकेटची मूठ घामाने ओली. भरपूर खाऊनही वजन उतरत होतं. कोच म्हणायचे, "डोकं शांत ठेव." मलाही तेच वाटलं, की मी घाबरट झाले आहे. मी श्वासाचे व्यायाम करत बसले. तुमच्याही बाबतीत असं काही होत असेल, तर ते मनाचंच आहे असं परस्पर ठरवू नका. आधी रक्त तपासून घ्या.

डॉक्टरबाईंनी कार्बिमाझोल सुरू केलं. ही गोळी ग्रंथीचं काम कमी करते. गुण यायला सहा-आठ आठवडे लागणार होते, आणि नाडी खाली येईपर्यंत खेळ बंद, म्हणून मी गावी आईवडिलांकडे राहिले. निघताना त्यांनी बजावलं, "क्वचित या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवायची आणि त्याच दिवशी सीबीसी करायची. उद्यावर टाकायचं नाही." सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी.

त्या दिवसापासून मी सकाळी उठले की आधी थुंकी गिळून बघायचे.

पाचव्या आठवड्यात, एका सोमवारी, खरंच दुखलं. शेतात हळद शिजवणं चालू होतं, आणि आदल्या दिवशी मीही तिथेच बसलेली होते. "धुरानं धरला असंल गळा," आई म्हणाली. मलाही तसंच असावं असं वाटत होतं. पण आईनेच माझ्या कपाळाला हात लावला, आणि हळद तशीच वडिलांवर सोपवून चपला घातल्या. "चाल. बाईनं उद्यावर टाकू नको म्हणलं व्हतं."

वसमतच्या लॅबमध्ये रक्त घेणारा म्हणाला, "दो घंटा लगेगा, बैठो." आम्ही बाकावर बसलो. माझा घसा मिनिटामिनिटाला जास्त दुखतोय असं वाटत होतं. पांढऱ्या पेशी नसतील तर साधा सर्दीखोकलासुद्धा जिवावर बेततो, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. आईने माझं मनगट धरून ठेवलं होतं.

क्रमवारीची नवी यादी सोमवारीच येते. जिंकलेले गुण वर्षभर टिकतात, मग गळतात. मी मोबाइलवर यादी उघडली. शेवटपर्यंत खाली गेले, पुन्हा वर आले. माझं नाव नव्हतं.

तेवढ्यात रिपोर्ट हातात आला. पांढऱ्या पेशी व्यवस्थित होत्या. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, "घसा साधाच आहे. गोळी पुन्हा चालू कर." मी रडायलाच लागले.

आई घाबरली. "वाईट हाय का?"

"न्हाई, चांगला हाय."

"मंग रडून काहून राहिली?"

"यादीतून नाव गेलं, आई."

तिने पदराने माझे डोळे पुसले. "यादी पुन्ना निघती का?"

"दर सोमवारी."

"मंग झालं तर. घसा आधी बरा कर."

नाडी सत्तरवर यायला चार महिने गेले. गोळी अजून चालू आहे, आणि रिपोर्टच्या आदल्या दिवशी मला अजून जेवण जात नाही. त्या डॉक्टरबाईंनी घशाचं बजावलं नसतं, तर मी धुराला दोष देऊन घरीच बसले असते. त्यांचे उपकार मोठे.

गोळी सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांनी मी पात्रता फेरीचा पहिला सामना खेळले. सव्वादोन तास चालला. तिसऱ्या सेटमध्ये हरले. हात धड होता, चेंडू सरळ वर जात होता. समोरची मुलगी माझ्यापेक्षा चांगली खेळली, एवढंच. नेटजवळ तिच्याशी हात मिळवताना मला इतकं हसू येत होतं, की ती बिचारी गोंधळून गेली.