मा क्लेमची निरगाठ

आमच्या पेनविल गावात कुणाला समुद्रापलीकडे जायचं असलं की तो आधी देवळात जाई आणि मग मा क्लेमकडे. काही जण देवळात जायचे राहत, पण मा क्लेमकडे जायला कुणी चुकत नसे. देव काय, नुसतं ऐकून घेतो. मा क्लेम उत्तर देई, आणि तेही चार घरं पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

ती फेरीवाली होती. केळी, पपनस, अळूचे गड्डे बोटीवर घालायचे, अँटिगा बेटावर नेऊन विकायचे आणि येताना तिकडून साबण, पातेली, चपला घेऊन यायचं, हा तिचा उभ्या जन्माचा धंदा. डेव्हिड वादळाने आमच्या बेटावरची झाडं झोपवली त्या वर्षीसुद्धा तिने कुठून कुठून गड्डे उकरून फेरी केलीच होती. ज्याला त्याला तिचं सांगणं एकच असे, "रिकामी फेरी म्हणजे अर्धी फेरी. जाताना भरून जा, येताना भरून ये. मधे समुद्र आहे हे विसरून जा."

तिचा सल्ला ऐकायला मजा येई. पिकलेलं फळ नेऊ नकोस, ते बोटीतच दारू होतं. हॉटेलवाल्याकडे मागच्या दाराने जा, पुढच्या दाराने गेलीस तर भाव पडतो. जुन्या गिऱ्हाइकाला आधी दे, दोन पैसे कमी मिळाले तरी दे, कारण नवं गिऱ्हाईक भाव देतं पण पावसात आसरा देत नाही. निघण्याआधी कोकोचा चहा पिऊ नकोस, कोरडी भाकरी खा आणि लिंबाची फोड नाकाशी धर. पैसे एका जागी ठेवू नकोस. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आपला माल सगळ्यांत शेवटी चढव. शेवटी चढलेला माल वर डेकवर राहतो, म्हणून आधी उतरतो, आणि जी बाई बाजारात आधी पोचते तिचाच भाव. बाकीच्यांनी खालच्या अंधारातून गोण्या ओढेपर्यंत मा क्लेमचा निम्मा माल विकलेला असायचा.

डेकवर माल ठेवला म्हणजे त्याच्यावरच झोपायचं. पहाटे धक्क्याला लागताना गोणी बदलली जाते, चांगली जाऊन किडकी येते, हे सगळ्या फेरीवाल्यांना ठाऊक. म्हणून मा क्लेमच्या घरात आजीपासूनची एक रीत होती. पिठाच्या पोत्याची पट्टी फाडायची, तिचं एक टोक गोणीला आणि दुसरं आपल्या मनगटाला बांधायचं. तेही निरगाठीने. कुणी गोणी हलवली की जाग आलीच पाहिजे.

एवढं सगळं ती सांगे. एक मात्र तिने कुणालाच कधी सांगितलं नाही. तिला समुद्राची भीती वाटायची.

साधीसुधी नव्हे. फेरीच्या आदल्या दिवशी ती कोरड्या भाकरीखेरीज काही खात नसे, म्हणून तर तो सल्ला निघाला. भीती लपवायला ती भांडे. त्या दिवशी शेजारणीची कोंबडी जरी अंगणात आली तरी तिचा उद्धार होई. लोक म्हणत, उद्या मा क्लेमची फेरी आहे बरं का, दूर राहा. तिला पोहता येत नव्हतं. धक्क्यावरच्या फळीवर पाऊल टाकताना दर वेळी तिला वाटे की ही शेवटची. आणि दर वेळी ती मोठ्याने हसत कुणाला तरी टोमणा मारत चढे.

मग तिचा गुडघा गेला. फळीवरून घसरली आणि उजवा पाय वाकेनासा झाला. घरात खाणारी दोन तोंडं, ती आणि तिची एकुलती एक मुलगी मार्वलिन. मार्वलिन शाळा संपवून घरी बसलेली, एकोणीस-वीस वर्षांची, बोलायला कमी आणि हट्टाला पुरी. ती म्हणाली, "मी जाते."

"तू?" मा क्लेम म्हणाली. "तुला ओढ्यातलं पाणी ओलांडताना चप्पल हातात घ्यावी लागते."

"मग तू जा एका पायावर."

मागच्या परसातले गड्डे काढायला झाले होते, हॉटेलवाला वाट बघत होता. ही एक फेरी चुकली असती तर त्याने दुसरीचा माल धरला असता, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही हे तिचंच वाक्य होतं.

आठवडाभर तिने पोरीला पढवलं. चुलीशी, परसात, कपडे धुताना, मिळेल तिथे. मार्वलिन मान हलवत होती. एकदा तिने हळूच विचारलं, "आई, बोट फार हलते का गं?"

खरं सांगायची वेळ असली तर ती हीच होती. मा क्लेम म्हणाली, "हलते, पाळणा हलतो तशी. मी तर घोरत जाते. आपल्या घरात भित्रं कुणी जन्मलं नाही."

मार्वलिनने पुन्हा विचारलं नाही.

पोर्ट्समथच्या धक्क्यावर 'स्टेला' बोट उभी होती. माल शेवटी चढवला. मा क्लेमला वर जाता येईना, म्हणून कठड्यापाशी पोरीला बोलावून घेतलं आणि वाकून, हात लांब करून तिच्या मनगटाला गोणीची पट्टी बांधली. दाताने ओढून पक्की केली.

"आई, मी काय बकरी आहे?" मार्वलिन कानकोंडी होऊन म्हणाली, कारण बाकीच्या बायका बघत होत्या.

"बकरी असतीस तर बरं झालं असतं. बकरीला पोहता येतं."

सगळ्या हसल्या. सगळ्यांत म्हातारी फेरीवाली इझ्मे तर पोट धरून हसली. बोट सुटली आणि आपण हे काय बोलून बसलो, असं मा क्लेमला झालं. पण शब्द गेला होता.

ट्रकच्या मागे बसून ती पेनविलला परतली. आमचं गाव बेटाच्या पार उत्तरेच्या टोकाला. अंगणातून खाली खाडी दिसते आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडचं ग्वादलूप बेटही. ऊन कलताना 'स्टेला' जाताना दिसली, बोटाच्या पेराएवढी. मा क्लेम ती दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग वारा फिरला.

आधी केळीची पानं उलटी झाली. मग पाण्यावर पांढरं दिसायला लागलं, आधी इथे तिथे, मग सगळीकडे. मा क्लेमने खिडक्या लावल्या, पुन्हा उघडल्या. बोट एव्हाना ग्वादलूपच्या आडोशाला असेल, तिथे वारा लागत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. पण आडोसा संपला की पुढे उघडा समुद्र आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो टापू आला की ती डोळे गच्च मिटून घ्यायची.

खालच्या आळीतला एक मच्छीमार होडी वर ओढून घरी चालला होता. कुंपणापाशी थांबून म्हणाला, "कुणाचा माल आहे गं आज बोटीवर?"

"आमचा."

"डेकवर?"

"डेकवरच. का?"

"मग धर गेला म्हणून. असल्या वाऱ्यात पहिला डेकवरचा माल पाण्यात टाकतात. माणसं वाचली म्हणजे झालं." आणि तो गेला.

मा क्लेम जागची हलली नाही. माल जाईल हे तिला कळलं होतं, दोनदा तिचाही गेला होता. पण मालाला पोर बांधलेली होती. तिनेच बांधली होती. भिजली की ती पट्टी दगडासारखी होते, नखांनी सुटत नाही. मग त्या दोन वेळा आपण कशा सुटलो? तिचा हात आपोआप कमरेकडे गेला आणि थांबला.

कमरेला सुरी होती. घड कापायची बोटभर सुरी, लाकडी मुठीची, झग्याच्या आत पट्ट्यात खोवलेली. ती तिथे असायचीच, अंगावरच्या तिळासारखी. दोन्ही वेळा माल टाकायची आरोळी ऐकल्याबरोबर तिने पट्टी कापली होती आणि विसरून गेली होती. आठवडाभर तिने पोरीला हॉटेलचं मागचं दार सांगितलं, लिंबाची फोड सांगितली, गिऱ्हाइकाच्या बायकोचं नाव सांगितलं. सुरी तेवढी राहिली. ज्याचा विचारच कधी करावा लागला नाही, ते सांगायचं कसं सुचणार?

ती सुरी हातात घेऊन अंगणात बसून राहिली. पाऊस आला तरी उठली नाही. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येई. गोणी कठड्यावरून जाते आहे आणि तिच्यामागे मनगट. भीती तिला नवी नव्हती, पण आजवरची भीती स्वतःपुरती होती. ही निराळी होती.

गावात तेव्हा एकच फोन, शेजारीण फेलिसियाच्या दुकानात. दुसऱ्या दिवशी सकाळीच मा क्लेम तिथल्या बाकावर जाऊन बसली. फेलिसियाने भाजलेला नीरफणस पुढे ठेवला, तो तसाच राहिला. दुपारी फोन वाजला. फेलिसिया ओरडून बोलत होती, तिकडून खरखर येत होती.

"बोट लागली!" ती फोन ठेवत म्हणाली. "अँटिगाला लागली. डेकवरचा सगळा माल गेला."

"आणि माणसं?"

फेलिसियाने फडकं उचललं आणि उगाच फळी पुसायला लागली.

"बोल की गं, तोंडात काय मूग भरलेत?"

"कुणा एका पोरीला लागलंय म्हणाले. कोण, किती, काही कळलं नाही. लाइन गेली."

बोटीवर मार्वलिनखेरीज पोर म्हणावी अशी कुणी नव्हती. मा क्लेमने पुढचे दिवस कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सल्ला विचारायला एक जण आला होता, सेंट मार्टिनला कामाला जायचं म्हणून. तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, "जाऊ नकोस." तो बिचारा हे सांगत गावभर फिरला, कारण मा क्लेमच्या तोंडून असलं काही कुणी ऐकलं नव्हतं.

'स्टेला' परतली त्या दिवशी ती ट्रकची वाट न बघता वाटेत भेटेल त्या गाडीने पोर्ट्समथला पोचली. बोट लागली. बायका एकेक करून उतरल्या. मग मार्वलिन उतरली. चालत उतरली. उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला, ओठ सुजलेला. मा क्लेम पाय ओढत पुढे गेली.

"माल गेला, आई," मार्वलिन म्हणाली आणि रडायला लागली. "सगळा गेला."

"मसणात जाऊ दे माल." मा क्लेमने तिला छातीशी धरलं, तिच्या पाठीवरून, डोक्यावरून हात फिरवला, जणू सगळे अवयव जागेवर आहेत का बघत होती. "सुटलीस कशी?"

"दातांनी." तिने ओठ वर करून दाखवलं. पुढचा एक दात अर्धा गेला होता. "अंधारात ते गोण्या टाकत होते. माझी गोणी उचलली तेव्हा मी कठड्यापर्यंत फरफटत गेले. मग पट्टी चावत सुटले."

"ओरडली का नाहीस? इझ्मे होती, खलाशी होते. कुणाकडेही सुरी असते!"

मार्वलिनने खाली बघत फडक्यातला हात पाठीमागे नेला. मा क्लेमने तो पुढे ओढला आणि फडकं सोडून मनगट पाहिलं. सोललेल्या कातडीवर पट्टीची जागा स्पष्ट उमटली होती. तिने फडकं पुन्हा गुंडाळलं, सैल गुंडाळलं.

हॉटेलवाल्याने वादळ म्हणून एक फेरी माफ केली होती. पुढची चुकवणं परवडणारं नव्हतं. जखम भरली आणि मार्वलिन म्हणाली, "जाते." या खेपेला मा क्लेमने काहीच पढवलं नाही. आदल्या दिवशी फेलिसियाची कोंबडी अंगणात येऊन धान्य टिपून गेली, तरी ती काही बोलली नाही.

धक्क्यावर मार्वलिनने कठड्यावरून आपणहून हात पुढे केला, डावा. "बांध. चोर काही कमी झाले नाहीत."

मा क्लेमने आधी सुरी तिच्या पट्ट्यात खोवली. मग पट्टी बांधली, सुरगाठ मारली आणि टोक ओढलं. सुटली. पुन्हा मारली, पुन्हा ओढलं. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा मारताना टोकच सापडेना.

"काय झालं, क्लेम?" वरून इझ्मे हसत म्हणाली. "गाठ मारायला विसरलीस?"

"भीती वाटते मला," मा क्लेम म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या धक्क्याला ऐकू गेलं. "समुद्राची. आजची नाही, पहिल्या फेरीपासूनची. एकदाही घोरले नाही मी. डोळे मिटून मेल्यासारखी पडून असायचे."

इझ्मेचं हसू तोंडातच राहिलं. मग ती हळूच म्हणाली, "अगं, मग मला काय वाटत नव्हती? तुझ्याकडे बघून मी तोंड मिटून बसायचे."

मार्वलिनने गाठीचं टोक स्वतःच शोधून आईच्या हातात दिलं. तिचे डोळे भरले होते.

"हे आधी सांगायचंस ना, आई," ती म्हणाली. "त्या रात्री मी हाक मारली असती."